जिवंत पेशीची साक्ष

मधुमेहानें ज्या घरांत एकदां पाऊल टाकलें, त्या घरांत एचबीएवनसी या रक्ततपासणीचें नांव लहानथोरांच्या तोंडीं बसतें. रोग्यानें आदल्या दिवशीं कडक पथ्य पाळलें म्हणून या तपासणीचा निकाल बदलत नाहीं. मागील दोन-तीन महिन्यांत रक्तांतील साखरेचें सरासरी मान काय होतें, तेंच ती सांगते. याचें कारण मोठें मनोरंजक आहे. रक्ताच्या तांबड्या पेशींत हीमोग्लोबिन नांवाचें प्रथिन असतें. रक्तांत साखर जितकी अधिक, तितके तिचे रेणु या प्रथिनाला अधिक प्रमाणांत चिकटतात. आणि एकदां पक्के चिकटले म्हणजे त्या पेशीचें सुमारें १२० दिवसांचें आयुष्य संपेपर्यंत ते बहुधा सुटत नाहींत. पेशी जणूं आपल्या खतावणींत साखरेची नोंद करून ठेवते, आणि वैद्यकशास्त्र ती खतावणी वाचतें.

या परिचित उदाहरणांत दोन गोष्टी ध्यानांत घेण्यासारख्या आहेत. पहिली ही कीं, प्रथिन एकदां तयार झालें म्हणजे त्याची घडण संपली असें नाहीं. पुढेंही त्याच्या अंगाला कांहीं ना कांहीं जोडलें जातें आणि त्याची स्थिति बदलते. दुसरी ही कीं, त्या बदलावरून शरीरांत काय घडत आहे हें ओळखतां येतें. मात्र ही खतावणी वाचावयाची तर पेशी फोडावी लागते. मेलेल्या पेशीची वही वाचण्याऐवजीं जिवंत पेशीलाच बोलतें करतां येईल काय? प्रथिनावर बदल घडत असतांनाच ती खूण करून तो सांगूं शकेल काय? गेल्या पंचवीस वर्षांत या प्रश्नाचें उत्तर होकारार्थी मिळालें आहे. तें कसें मिळालें, त्यावर किती विश्वास ठेवावा, आणि रोग्याच्या दृष्टीनें त्याची किंमत काय, हा या भाषणाचा विषय आहे.

प्रथिन म्हणजे अमायनो आम्लांची ओंवलेली माळ. मण्यांचे प्रकार वीस. ते कोणत्या क्रमानें ओंवावयाचे तें जनुकांत लिहिलेलें असतें. मनुष्याच्या पेशींत प्रथिनें घडविणारीं जनुकें सुमारें २०,००० आहेत. परंतु केवळ या जनुकांची यादी हातीं आली म्हणून पेशीचा कारभार समजत नाहीं. मूल जन्मलें म्हणजे माणूस पुरा घडला असें आपल्याकडे कोणी मानीत नाहीं. त्यावर संस्कार व्हावे लागतात. प्रथिनांचेंही तसेंच आहे. कोणाला साखरेच्या साखळ्या जोडल्या जातात, कोणाला ॲसिटिल गट, कोणाला मेथिल गट. कोणाच्या अंगाला यूबिक्विटिन नांवाचें लहानसें प्रथिन चिकटविलें जातें आणि पुष्कळदां तें त्याच्या नाशाचें फर्मानच ठरतें. या फर्मानाचा उलगडा केल्याबद्दल सीखानोव्हर, हर्श्को आणि रोझ या तिघांना २००४ सालचें रसायनशास्त्राचें नोबेल पारितोषिक मिळालें. माणसावर झालेले संस्कार सहसा पुसले जात नाहींत. प्रथिनांवरील बरेचसे संस्कार मात्र पुसतां येतात आणि पुन्हां करतां येतात. पेशीचा कारभार चालतो तो याच सोयीवर.

या सर्व संस्कारांत फॉस्फेटचा संस्कार विशेष महत्त्वाचा. त्याचा छडा १९५५ च्या सुमारास अमेरिकेंतील सिएटल येथें वॉशिंग्टन विद्यापीठांत एडविन क्रेब्स आणि एडमंड फिशर यांनीं लावला. स्नायूंत साठविलेल्या ग्लायकोजेनचे तुकडे पाडून शक्ति मोकळी करण्याच्या कामीं येणारें एक एन्झाइम आहे. एन्झाइम म्हणजे स्वतः खर्ची न पडतां रासायनिक क्रिया घडवून आणणारें प्रथिन. हें एन्झाइम एरवीं निजलेलें असतें. फॉस्फेटचा एक लहानसा गट त्याच्या ठराविक जागीं चढविला कीं तें जागें होतें. तो गट उतरविला कीं पुन्हां निजतें. फॉस्फेट चढविणाऱ्या एन्झाइमांना कायनेज आणि उतरविणाऱ्यांना फॉस्फेटेज म्हणतात. स्नायूंत सांपडलेली ही युक्ति पेशीच्या जवळजवळ सर्व व्यवहारांत वापरली जाते असें पुढें दिसून आलें. मनुष्याच्या जनुकसंचांत ५०० हून अधिक कायनेजें मोजलीं गेलीं आहेत. क्रेब्स आणि फिशर यांना या शोधासाठीं १९९२ सालीं नोबेल पारितोषिक देण्यांत आलें.

निजविणें आणि जागें करणें हा खेळ बिघडला तर काय होतें, हें कर्करोगाच्या अभ्यासांत कळून आलें. कॅलिफोर्नियांतील सॉल्क संस्थेंत टोनी हंटर हे गांठी उत्पन्न करणाऱ्या विषाणूंच्या प्रथिनांचा अभ्यास करीत होते. तोंपर्यंत प्रथिनाच्या माळेंतील सेरीन व थ्रिओनीन या दोन मण्यांवर फॉस्फेट चढतो एवढें सर्वमान्य होतें. १९७९ सालीं हंटर यांना टायरोसीन या तिसऱ्याच मण्यावर तो आढळला. या शोधाला एका शिळ्या द्रावणाचा हातभार लागला, ही त्यांतली गंमत. रसायनें वेगळीं करण्याचें द्रावण ताजें केलेलें नव्हतें, त्याची आम्लता किंचित् वाढली होती; आणि त्यामुळेंच एरवीं एकमेकांवर पडणारे थ्रिओनीन व टायरोसीन यांचे ठिपके निरनिराळे उमटले. टायरोसीनवर फॉस्फेट चढविणारीं कायनेजें पेशीला वाढण्याचा हुकूम देणाऱ्या यंत्रणेंत मोठ्या जागेवर बसलेलीं आहेत असें मग दिसूं लागलें.

क्रॉनिक मायलॉइड ल्यूकेमिया हा रक्ताचा कर्करोग याचें ठळक उदाहरण आहे. त्यांत दोन गुणसूत्रांच्या तुकड्यांची अदलाबदल होऊन बीसीआर-एबीएल नांवाचें एक विकृत कायनेज तयार होतें. तें टायरोसीनवर अखंड फॉस्फेट चढवीत सुटतें. थांबण्याचा हुकूम त्याला लागूच पडत नाहीं. इमॅटिनिब या औषधाला २००१ सालीं अमेरिकेंत मान्यता मिळाली, तें नेमका याच कायनेजचा हात धरून ठेवतें. एके काळीं प्राणघातक समजल्या जाणाऱ्या या विकाराचे असंख्य रोगी या गोळीच्या आधारानें वर्षानुवर्षें जगत आहेत. परंतु कांहीं रोग्यांच्या शरीरांत थोड्याशा पेशी अशा असतात कीं त्या औषधाला दाद देत नाहींत. इतर पेशी मरतात, या उरतात, आणि कालांतरानें यांचाच वंश वाढून रोग उलटतो. त्या मूठभर पेशी वेळेवर ओळखणें म्हणजे रोग्याला दुसरें औषध वेळेवर देणें. म्हणून प्रथिनावर फॉस्फेट चढला आहे कीं नाहीं, आणि चढला असल्यास कोणत्या पेशींत, हा प्रश्न केवळ विद्वानांच्या कुतूहलाचा राहत नाहीं.

हा प्रश्न सोडविण्याची जुनी पद्धति अशी: लक्षावधि पेशी घ्यावयाच्या, त्या फोडून एकजीव करावयाच्या, आणि किरणोत्सर्गी फॉस्फरस, प्रतिपिंडें किंवा रेणूंचें वजन करणारीं यंत्रें यांच्या साहाय्यानें त्या मिश्रणांत फॉस्फेटयुक्त प्रथिन किती आहे तें मोजावयाचें. ही पद्धति आजही चालू आहे आणि तिची योग्यता मोठी आहे. एकाच प्रयोगांत हजारों ठिकाणचे फॉस्फेट तिनें मोजतां येतात. पण तिला एक व्यंग आहे. चाळींतील निम्म्या खोल्यांत दिवे लख्ख लागलेले असावेत आणि निम्म्यांत मिट्ट काळोख असावा. सबंध चाळीला मिळून एकच मीटर असला तर त्यावरून असेंही अनुमान निघेल कीं प्रत्येक खोलींत मंद दिवा तेवत आहे. सरासरीचा आंकडा खोटा नसतो. परंतु त्यावरून काढलेलें चित्र अगदीं खोटें असूं शकतें.

ही शंका केवळ तर्काची नव्हती. १९९८ सालीं स्टॅनफर्ड विद्यापीठांत जेम्स फेरेल आणि त्यांचे सहकारी यांनीं आफ्रिकेंतील झेनोपस जातीच्या बेडकाच्या अंडपेशींवर प्रयोग केला. प्रोजेस्टेरॉन हें संप्रेरक दिलें म्हणजे या अंडपेशी पक्व होतात आणि त्यांतील एका कायनेजवर फॉस्फेट चढतो. अनेक अंडपेशी एकत्र घोटून पाहिल्या तेव्हां संप्रेरकाची मात्रा वाढवीत गेल्यास फॉस्फेटही हळूहळू वाढतो असें दिसलें. मग प्रत्येक अंडपेशी एकेकटी तपासली. तेव्हां मधली अवस्था जवळजवळ कोठेंच आढळली नाहीं! एखाद्या अंडपेशींत कायनेज पूर्ण जागें, तर शेजारच्या अंडपेशींत पूर्ण निजलेलें. मात्रा वाढली म्हणजे जाग्या झालेल्या पेशींची संख्या तेवढी वाढत होती. बेडकाची अंडपेशी मिलिमीटरभर व्यासाची, म्हणून ती एकेकटी फोडून तपासतां आली. मानवी पेशी तिच्यापुढें कितीतरी सूक्ष्म. शिवाय एकदां फोडलेल्या पेशीला दुसऱ्या क्षणीं काय झालें तें विचारण्याची सोय उरत नाहीं. पेशी जिवंत ठेवून तिला विचारण्याचा दुसरा मार्ग हवा होता.

तो मार्ग समुद्रांतून आला. ओसामु शिमोमुरा हे जपानी रसायनशास्त्रज्ञ १९६१ च्या उन्हाळ्यांत अमेरिकेच्या प्रशांत किनाऱ्यावरील फ्रायडे हार्बर येथें जेलीफिशच्या प्रकाशाचा अभ्यास करीत होते. प्रकाश देणारें मुख्य द्रव्य शोधतांना त्यांच्या हातीं आणखी एक प्रथिन लागलें. निळा प्रकाश शोषून हिरवा प्रकाश परत देण्याचा त्याचा गुण होता. या हिरव्या प्रथिनाची माहिती १९६२ सालीं प्रसिद्ध झाली, आणि पुढें तीस वर्षें तें जवळजवळ अडगळींतच राहिलें. १९९२ सालीं डग्लस प्रॅशर यांनीं त्याचें जनुक वेगळें केलें. १९९४ सालीं मार्टिन चॅल्फी यांनीं तें जनुक सूक्ष्मजंतूंत आणि एका लहान कृमींत घातलें. तेथेंही तें प्रथिन तसेंच चमकलें. त्याला प्रकाशमान होण्यास जेलीफिशच्या दुसऱ्या कोणत्याही द्रव्याची गरज नाहीं हें यावरून सिद्ध झालें. रॉजर त्सिएन यांनीं त्याच्या घडणींत फेरफार करून निळसर, पिवळसर अशा छटा उत्पन्न केल्या. शिमोमुरा, चॅल्फी आणि त्सिएन यांना २००८ सालचें नोबेल पारितोषिक मिळालें.

दिवा मिळाला, पण नुसत्या दिव्यानें बातमी कळत नाहीं. फॉस्फेट चढतांच दिव्याचा रंग बदलेल अशी योजना करावयाची होती. तिच्यासाठीं थिओडोर फॉर्स्टर या जर्मन शास्त्रज्ञाचा सिद्धान्त उपयोगी पडला. दोन योग्य रंगांचे रेणु एकमेकांच्या फार जवळ, म्हणजे मिलिमीटरच्या एक लक्षांश भागाच्या आंत आले, तर पहिल्यानें शोषलेली प्रकाशशक्ति दुसऱ्याकडे उडी घेते आणि प्रकाश दुसऱ्याच्या रंगाचा मिळतो. या उडीचें गणित फॉर्स्टर यांनीं १९४८ सालीं सविस्तर मांडलें. अंतर दुप्पट झालें तर उडीचा वेग चौसष्टांश होतो. इतकी ती अंतराविषयीं हळवी आहे.

आतां संवेदकाची रचना समजण्यास सोपी जाईल. एका माळेच्या एका टोकाला निळसर प्रकाशाचें प्रथिन आणि दुसऱ्या टोकाला पिवळ्या प्रकाशाचें. मध्यें दोन तुकडे: एक आमिषाचा, ज्यावर विशिष्ट कायनेज फॉस्फेट चढवितें, दुसरा ओळखणारा, जो फॉस्फेट चढलेल्या आमिषालाच मिठी मारतो. फॉस्फेट चढला कीं माळेचा फासा अडकावा तसे हे दोन तुकडे एकमेकांत अडकतात, टोकांची मांडणी बदलते, आणि निळसर प्रकाश कमी होऊन पिवळा वाढतो. ही सारी माळ प्रयोगशाळेंत बनवून पेशींत टोंचावी लागत नाहीं. तिचें जनुक पेशींत सोडलें म्हणजे पेशी आपल्याच सामग्रीनें ती विणते. सूक्ष्मदर्शक यंत्राखालीं मग रंगांचें प्रमाण पाहात बसावयाचें. पेशी जिवंत राहते, आणि क्षणोक्षणीं सांगत राहते.

२००१ सालीं त्सिएन यांच्या सॅन डिएगो येथील प्रयोगशाळेंतून असे संवेदक प्रसिद्ध झाले. जिन झांग यांनीं केलेला संवेदक पीकेए नांवाच्या कायनेजची बातमी देत असे. ॲड्रिनलीनसारख्या संप्रेरकाचा निरोप पेशींत ज्या कारभाऱ्यांमार्फत फिरतो त्यांपैकीं हें एक. ॲलिस टिंग यांनीं त्याच वर्षीं टायरोसीनवर काम करणाऱ्या कायनेजांसाठीं संवेदक तयार केले. पुढील वर्षीं टोकियो येथें मोरितोशी सातो आणि योशिओ उमेझावा यांनीं इन्सुलिनच्या निरोपाची खूण करणारा संवेदक पुढें मांडला. २००४ सालीं टिंग यांच्या प्रयोगशाळेनें मेथिल गटाच्या संस्कारासाठींही हीच युक्ति वापरली.

येथपर्यंतची हकीकत विजयाची वाटेल. पण साक्षीदार मिळाला म्हणजे न्याय मिळाला असें होत नाहीं. त्याची उलटतपासणी व्हावी लागते. पीकेएच्या पहिल्या संवेदकांत एक दोष होता. ओळखणाऱ्या तुकड्याची मिठी फार घट्ट होती. फॉस्फेट एकदां चढला कीं तो या मिठींत असा झांकला जाई, कीं फॉस्फेटेजला तो उतरवितां येत नसे. म्हणजे कायनेज जागें झाल्याचें हा साक्षीदार सांगे, पण तें पुन्हां निजल्याचें सांगत नसे. २००५ सालीं ओळखणारा तुकडा बदलून सैल मिठीचा घातला, तेव्हां संवेदक दोन्ही बाजूंचें बोलूं लागला. आणि त्याच्याच साहाय्यानें चरबीच्या पेशींत ॲड्रिनलीनच्या मार्गानें पीकेएकडे जाणारा निरोप इन्सुलिनमुळें विस्कळित होतो हें पाहतां आलें. दोष सांपडला नसता तर साक्षीदाराच्या स्वभावालाच पेशीचा स्वभाव समजण्याची चूक झाली असती.

दुसरी शंका याहून सूक्ष्म आहे. रंग बदलला तो फॉस्फेटमुळेंच, कीं पेशींतील आम्लता बदलल्यामुळें, कीं आणखी कशामुळें? यासाठीं प्रत्येक संवेदकाबरोबर त्याचा एक मुका जुळा भाऊ तयार करतात. तो सर्व बाबतींत तसाच. फक्त ज्या मण्यावर फॉस्फेट चढावयाचा तो काढून त्या जागीं फॉस्फेट स्वीकारूं न शकणारा मणी घातलेला असतो. खरा संवेदक बोलला आणि जुळा गप्प राहिला, तरच साक्ष ग्राह्य धरतात. तिसरी शंका अशी कीं संवेदक हा स्वतःच कायनेजचें आमिष असतो. तो पेशींत फार भरला तर पेशीच्या स्वतःच्या प्रथिनांना मिळावयाची कायनेजची सेवा तोच खातो. पाहणाऱ्याच्या उपस्थितीनें घरांतील वागणें बदलावें तसा हा प्रकार. म्हणून तो बेताच्या प्रमाणांत घालावा लागतो.

इतकी उलटतपासणी झाल्यावर ही साक्ष कोणत्या कामीं येते, हें जपानांतील होक्काइदो विद्यापीठांत २०१० सालीं प्रसिद्ध झालेल्या कामावरून दिसतें. बीसीआर-एबीएल हें कायनेज पेशींतील ज्या एका प्रथिनावर हमखास फॉस्फेट चढवितें, त्याच प्रथिनाचें आमिष करून तेथील संशोधकांनीं संवेदक घडविला. क्रॉनिक मायलॉइड ल्यूकेमियाच्या रोग्यांच्या पेशींत त्याचें जनुक सोडून त्या पेशींवर औषध घातलें. ज्या पेशींत औषध लागू पडलें त्यांचा रंग उतरला. ज्यांत लागू पडलें नाहीं त्यांचा तसाच राहिला. सगळ्या पेशी घोटून मोजल्या असत्या तर ज्या हट्टी पेशी सरासरींत बुडून गेल्या असत्या, त्या गर्दींत वेगळ्या दिसल्या. रोग्याच्या शरीराला औषधाची परीक्षा द्यावयास न लावतां ती परीक्षा आधीं त्याच्या थोड्याशा पेशींकडून करवून घेण्याची ही दिशा आहे. प्रत्येक रुग्णालयांत होणारी ही तपासणी अद्याप नव्हे. पण या साधनाचें मोल कोठें आहे हें त्यावरून स्पष्ट होतें.

संवेदकांची दुसरी एक तऱ्हा स्टॅनफर्ड येथील मार्कस कव्हर्ट यांच्या प्रयोगशाळेनें २०१४ सालीं पुढें आणली. तींत रंग बदलत नाहीं, जागा बदलते. संवेदक एरवीं पेशीच्या केंद्रकांत बसलेला असतो. कायनेजनें त्यावर फॉस्फेट चढविला कीं तो माजघरांतून ओसरीवर यावा तसा केंद्रकाबाहेर येतो. फॉस्फेट उतरला कीं पुन्हां आंत जातो. यास एकच रंग पुरतो. म्हणून निरनिराळ्या रंगांचे संवेदक एकाच पेशींत ठेवून अनेक कायनेजांची बातमी एकाच वेळीं घेतां येते.

जिवंत पेशींकडून मिळालेल्या या बातमीनें जुन्या समजुतींना धक्के दिले. ईआरके हें पेशीच्या वाढीशीं निगडित असलेलें एक कायनेज. वाढीचा संदेश मिळाला कीं तें जागें होऊन संथपणें काम करीत असावें, असें सरासरीच्या आंकड्यांवरून वाटे. २०१३ सालीं हार्वर्ड येथील जॉन अल्बेक व जोन ब्रुगे यांनीं, आणि त्याच वर्षीं जपानांत काझुहिरो आओकी व मिचियुकी मात्सुदा यांनीं, एकेका पेशीकडे तासन्‌तास पाहून दाखविलें कीं तें नाडीप्रमाणें उसळ्या घेतें; आणि पेशींच्या वाढीचा संबंध या उसळ्या किती वेळां येतात याच्याशींही असतो. प्रत्येक पेशीच्या उसळ्या आपापल्या वेळीं, म्हणून घोटलेल्या मिश्रणांत त्या एकमेकींना पुसून टाकीत. २०१५ सालीं क्योतो येथील मात्सुदा यांच्याच प्रयोगशाळेनें असा संवेदक सर्वांगांत बाळगणाऱ्या उंदरांच्या कातडीवरील जखमेचें निरीक्षण प्रसिद्ध केलें. जखमेच्या कडेपासून ईआरकेच्या जागृतीच्या लाटा शेजारच्या पेशींतून दूर पसरत जातांना त्यांत दिसल्या. जखम भरण्याची क्रिया रोजच्या पाहण्यांतली. तिच्या मागचा हा निरोपांचा प्रवास मात्र पूर्वी कोणाच्या डोळ्यांना दिसला नव्हता.

आतांपर्यंतच्या उदाहरणांत पेशी सांगते आणि माणूस यंत्रांतून पाहतो. याहून वेगळी कल्पना अमेरिकेंतील कोलोरॅडो विद्यापीठांत जेरोम फॉक्स यांच्या प्रयोगशाळेनें अमलांत आणली. ती २०२१ सालीं प्रसिद्ध झाली. पीटीपी१बी नांवाचें एक फॉस्फेटेज इन्सुलिनच्या निरोपावरील फॉस्फेट उतरवून तो निरोप थंड करतें. त्याला आवर घालणारें द्रव्य मिळालें तर मधुमेहावर उपयोग होईल, या आशेनें त्याचा शोध पुष्कळ वर्षें चालू आहे. फॉक्स यांनीं आंतड्यांत राहणाऱ्या इ. कोलाय या जंतूची एक प्रयोगशाळेंतील जात घेतली. तींत एक कायनेज, एक आमिष आणि पीटीपी१बी असा लहानसा संसार मांडला. आणि अशी व्यवस्था केली कीं आमिषावर फॉस्फेट टिकून राहिला तरच जंतूला प्रतिजैविकापासून वांचविणारें जनुक चालावें. त्याच जंतूंत निरनिराळीं वनस्पतिजन्य द्रव्यें बनविणारीं जनुकें घातलीं. मग सर्व जंतु प्रतिजैविकांत सोडले. ज्या जंतूनें पीटीपी१बीला आवरणारें द्रव्य स्वतः बनविलें, त्याच्या आमिषावर फॉस्फेट टिकला आणि तो वांचला, बाकीचे मेले. येथें साक्षीदाराचा जीवच साक्षीला तारण लागलेला आहे. हजारों द्रव्यें एकेक करून तपासण्याचे कष्ट या योजनेनें जंतूंच्या मरण्या-जगण्यावर सोंपविले, आणि तिच्यांतून पीटीपी१बीला आवर घालणारीं कांहीं द्रव्यें हातीं आलीं. त्यांचें औषध होईल कीं नाहीं तें पुढील परीक्षांनीं ठरावयाचें आहे.

यापुढची पायरी म्हणजे पेशीनें बातमी देऊन न थांबतां उपायही करावा. २०२५ च्या जानेवारींत टेक्सस राज्यांतील राइस विद्यापीठाच्या केलेब बॅशोर यांच्या प्रयोगशाळेनें मानवी पेशींत फॉस्फेटच्या कृत्रिम साखळ्या बसविल्याचें प्रसिद्ध केलें. निसर्गांतील कायनेज आणि फॉस्फेटेज यांचे सुटे भाग जुळवून त्यांनीं अशा साखळ्या रचल्या, कीं बाहेरील संदेश मिळतांच एका प्रथिनावरून दुसऱ्यावर फॉस्फेटचा निरोप जावा आणि शेवटीं पेशीनें ठरविलेलें काम करावें. जनुकें चालू-बंद करून काम करणाऱ्या पूर्वीच्या रचनांना तास लागत. फॉस्फेटचा निरोप काही सेकंदांत किंवा मिनिटांत पोंचतो. शरीराची रोगप्रतिकारशक्ति स्वतःच्याच अवयवांवर उलटते अशा विकारांत, दाहाचे संदेश ओळखून ते आंवरणारी पेशी घडविण्याची आशा या कामांत आहे. आज ती प्रयोगशाळेंतील काचेच्या भांड्यापुरती आहे, हें विसरून चालणार नाहीं.

या सर्व प्रयत्नांच्या मर्यादाही स्पष्ट आहेत. एकेका आमिषाला एकाहून अधिक कायनेजें भुलतात. त्यामुळें साक्ष कोणाविरुद्ध, हें नेहमीं निर्विवाद ठरत नाहीं. प्रखर प्रकाशांत पेशी फार वेळ ठेवल्या तर त्यांनाच अपाय होतो. हजारों संस्कारांपैकीं थोड्यांसाठींच उत्तम संवेदक सिद्ध झाले आहेत. आणि माणसाच्या शरीरांत परकें जनुक सोडणें ही गोष्ट उंदराच्या कातडीवर लाटा पाहण्याइतकी सोपी नव्हे. तेथें धोका रोग्यानें पत्करावयाचा असतो. म्हणून जुन्या पद्धति मोडींत निघालेल्या नाहींत. घोटलेल्या पेशींचा एकत्रित हिशेब आणि जिवंत पेशीची एकेकटी साक्ष हीं एकमेकांना ताडून पाहावीं, हाच आजचा शहाणपणाचा मार्ग आहे.

तरी एक गोष्ट निश्चित झाली आहे. शंभर पेशींपैकीं नव्याण्णवांनीं औषध मानलें एवढ्यावर वैद्याला स्वस्थ बसतां येत नाहीं. उरलेली एक काय करीत आहे तें त्यास कळावयास हवें. पूर्वी तिला विचारण्याचें साधन नव्हतें. आज तें आहे, अपुरें आहे, आणि त्याचे दोष शोधून तें सुधारण्याचें काम अनेक देशांतील प्रयोगशाळांत चालू आहे. औषध घेऊन बरा होत असलेल्या रोग्याला रोग पुन्हां उलटेल काय, या प्रश्नाचें उत्तर एखादे दिवशीं त्या एका पेशीच्या बदलत्या रंगांत आधींच वाचतां येईल, अशी उमेद बाळगण्यास या कामानें आधार दिला आहे.